मशीन जुनं झालं, आता कंपनी किती वर्षं बघणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. शाळेतले क्लार्क, पतसंस्थेचे मॅनेजर, झेरॉक्सवाले, सगळ्यांचा प्रश्न एकच: "मशीन घेऊन 6 वर्षं झाली, कंपनी अजून किती वर्षं पार्ट देईल?" कॉपियर-प्रिंटर दुरुस्ती हा माझा धंदा, त्यामुळे मी आधी उलट विचारतो, हे मॉडेल बनायचं कधी बंद झालं?

कारण कंपनी तुमच्या बिलाची तारीख धरत नाही. मॉडेलचं उत्पादन थांबलं की तिथून वर्षं मोजायची. जपानी कंपन्या ऑफिसच्या मोठ्या कॉपियरचे पार्ट त्यानंतर साधारण 7 वर्षं ठेवतात, लहान प्रिंटरचे 5 च्या आसपास. म्हणजे मॉडेल नवं असताना घेतलेल्याचे आणि शेवटचा स्टॉक काढताना स्वस्तात घेतलेल्याचे पार्ट एकाच सुमारास बंद होणार. म्हणून घेतानाच डीलरकडून लेखी घ्या की मॉडेल कधी आलं, अजून बनतंय का, पार्ट कुठवर मिळतील. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर 'पार्ट उपलब्ध असल्यास' असं कुठे लिहिलंय का, तेही बघा.

झिजणाऱ्या पार्टची मात्र फार काळजी करू नका. ड्रम, ब्लेड, फ्यूजरची फिल्म, पिकअप रोलर हे सगळं भरपूर विकल्या गेलेल्या मॉडेलसाठी बाहेर मिळतं. एचपीचा लेझरजेट 1020 हा 2005 चा प्रिंटर, पण त्याचं 12ए कार्ट्रिज आजही सहज मिळतं आणि रिफिलही होतं. कागद उचलत नसेल तर रोलर काढून बोट फिरवा. खरखरीत रबर काचेसारखं गुळगुळीत झालेलं लागेल. रोलर बदलला की मशीन पुन्हा कागद ओढायला लागतं. खरी अडचण बोर्डाची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची. ते बाहेर सहसा मिळत नाही.

आणि त्याहून मोठी अडचण कॉम्प्युटरकडून येते. एका पतसंस्थेने सगळे कॉम्प्युटर नवे घेतले आणि स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये जायचा थांबला. कॉम्प्युटरवाल्याने सांगून टाकलं, मशीन गेलं, नवं घ्या. मशीन ठणठणीत होतं! त्याला फक्त एसएमबी1 ही नेटवर्कवरून फाइल पाठवायची जुनी पद्धत येत होती आणि विंडोज 10 मध्ये ती 2017 च्या शेवटापासून मुळातच बंद करून येते. मी ती परत चालू केली नाही, सुरक्षेला धोका असतो. त्याऐवजी एफटीपी ही फाइल पाठवायची दुसरी पद्धत लावून दिली. जीमेलनेही 30 मे 2022 पासून नुसत्या पासवर्डवर मेल पाठवणाऱ्या जुन्या साधनांना दार बंद केलं, आणि कित्येक कॉपियरचं स्कॅन-टू-मेल (स्कॅन थेट मेलने पाठवणं) थांबलं. काही ठिकाणी अ‍ॅप पासवर्डवर (अशा साधनासाठी गूगलकडून काढायच्या वेगळ्या पासवर्डवर) भागतं, सगळीकडे नाही.

ड्रायव्हरचंही, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटर चालवता येण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार, असं मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये जाहीर केलंय. 1020 सारख्या प्रिंटरचं फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्राम) तर दर वेळी चालू करताना कॉम्प्युटरवरून चढतं, ड्रायव्हर नसेल तर प्रिंटर नुसता बसून राहतो. म्हणून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे तोवर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. पार्ट बंद होतात हे मी समजू शकतो, त्यांना गोदाम लागतं. पण ड्रायव्हर आणि सर्व्हिस मॅन्युअल साइटवरून काढून टाकतात तेव्हा मला मनापासून राग येतो.

राहिली ती परदेशातून वापरून आलेली मशीनं, कॅननचं आयआर 3300 वगैरे. त्यांची कंपनीकडची मुदत कधीच संपली, तरी त्यांच्यावर कितीतरी झेरॉक्सची दुकानं चालली. ती टिकली एकमेकांच्या पार्टवर. तसं मशीन असेल तर त्याच मॉडेलचं एक बंद पडलेलं मशीन भंगारात जाऊ देऊ नका. बोर्ड गेल्यावर मी आधी तेच उघडतो.