बीजकोश काढले होते का?

मावशीला पहिल्यांदा मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांनी तिला चांगला पाऊण तास तपासले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गोळी वळावी तसा होणारा कंप, चालताना न हलणारा हात, हिशेबाच्या वहीत दर ओळीगणिक बारीक होत गेलेले अक्षर हे सगळे त्यांनी पाहिले. घरात आणखी कुणाला कंपवात (पार्किन्सन) आहे का, शेतात कीटकनाशके फवारली आहेत का, डोक्याला कधी मार लागला होता का, हेही विचारले. पाळी कधी आणि कशी बंद झाली, हा प्रश्न मात्र आला नाही. जिना उतरताना मावशी आपणहून म्हणाली, "माझी तर पिशवी सदतिसाव्या वर्षीच काढली." मी विचारले, "नुसती पिशवी, की बीजकोशही?" त्यावर ती म्हणाली, "ते काय मला सांगितलं नाही गं. सगळं काढलं म्हणाले."

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात सांख्यिकी शिकवते. पण त्या "सगळं" या शब्दाने मला पुढचे काही महिने वाचत ठेवले, आणि जे हाती लागले ते इथे लिहीत आहे.

कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातील, डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे मरत जातात, आणि हात थरथरू लागेपर्यंत त्यांतील फार मोठा वाटा गेलेला असतो. हा आजार स्त्रियांपेक्षा पुरुषांना सुमारे दीडपट अधिक होतो. नेदरलँड्समधील 2007 च्या एका अभ्यासात स्त्री-रुग्णांमध्ये लक्षणे पुरुषांपेक्षा सरासरी दोन वर्षे उशिरा सुरू झालेली दिसली, आणि ज्यांची पाळी उशिरा गेली होती त्यांच्यात ती आणखी उशिरा सुरू झाली होती. त्यामुळे संशयाची सुई साहजिकच इस्ट्रोजेनकडे, म्हणजे बीजकोशांत (अंडाशयांत) तयार होणाऱ्या संप्रेरकाकडे, वळते. हे संप्रेरक केवळ गर्भाशयापुरते नाही. मेंदूत ते डोपामिनच्या निर्मितीला हातभार लावते आणि पेशींना विषारी आघातापासून काही अंशी वाचवते, असे उंदरांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मला सर्वांत अस्वस्थ करून गेला तो 2000 साली प्रसिद्ध झालेला माकडांवरचा प्रयोग. आफ्रिकन ग्रीन जातीच्या माद्यांचे बीजकोश काढल्यावर अवघ्या महिनाभरात त्या काळसर भागातील डोपामिन-पेशी सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्या. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांनी इस्ट्रोजेन दिले तर नुकसान भरून निघाले, पण महिना उलटल्यावर दिले तर उपयोग झाला नाही.

माणसांतला सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीतून येतो. तिथे मेयो क्लिनिक हे मोठे रुग्णालय आहे, आणि 1966 पासून त्या परिसरातील रहिवाशांच्या आरोग्याच्या नोंदी एकमेकींना जोडून ठेवल्या जातात. कोणत्या बाईची कोणती शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली आणि पुढे तीस वर्षांनी तिला काय झाले, हे तिच्या आठवणीवर न विसंबता कागदावरून काढता येते. (आपल्याकडे असे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गादीखाली असतात.) तिथले संशोधक वॉल्टर रोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 1987 या काळात रजोनिवृत्तीपूर्वी बीजकोश काढलेल्या स्त्रियांची तुलना त्याच भागातील इतर स्त्रियांशी केली. 2008 साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार, कंपवात आणि त्यासारखी लक्षणे असलेले विकार एकत्र धरले, तर बीजकोश काढलेल्या स्त्रियांमध्ये धोका 1.68 पट होता, आणि शस्त्रक्रियेचे वय जितके कमी तितका तो वाढत होता. 1950 ते 2007 या काळातील शस्त्रक्रिया एकत्र धरून त्याच गटाने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात चित्र तसेच राहिले. दोन्ही बीजकोश 43 वर्षांच्या आत काढलेल्या स्त्रियांमध्ये या विकारांचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला.

इथे माझ्यातली शिक्षिका गप्प बसत नाही. 1.68 पट म्हणजे शंभरातल्या अडुसष्ट जणींना आजार होणार, असा अर्थ नव्हे. मूळ धोका समजा शंभरात दोन असेल, तर तो तीन-साडेतीनपर्यंत जातो. बीजकोश काढलेल्या बहुतांश स्त्रियांना कंपवात होत नाही, आणि मावशीला तो त्या शस्त्रक्रियेमुळेच झाला असे जगातला कोणताही अभ्यास सांगू शकणार नाही.

नैसर्गिकरीत्या पाळी लवकर जाण्याविषयीचा पुरावा मात्र बराच विस्कळीत आहे. काही अभ्यासांत पाळीचे एकूण आयुष्य जितके लांब तितका धोका कमी दिसतो. अमेरिकेत 1976 साली सुरू झालेल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात तसा ठळक संबंध सापडला नाही. या गोंधळामागे दोन गाठी आहेत असे मला वाटते. पहिली गाठ धूम्रपानाची. धूम्रपानाने पाळी एक-दोन वर्षे आधी जाते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत कंपवात कमी आढळतो, ही वैद्यकातील एक जुनी, अवघड आणि कुणालाही धूम्रपानाचा सल्ला देण्याच्या कामाची नसलेली गोष्ट आहे. म्हणजे पाळी लवकर गेलेल्या गटात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया जास्त, आणि त्यांच्यामुळे त्या गटातला कंपवात कमी दिसणार. नीट हिशेब न केल्यास खरा संबंधही पुसला जातो. ही अडचण टाळण्यासाठी 2021 साली संशोधकांनी पाळी उशिरा जाण्याशी निगडित जनुकांचा आधार घेतला, आणि त्यातून पाळी उशिरा जाणाऱ्यांना धोका कमी असल्याचे संकेत मिळाले.

दुसरी गाठ प्रश्नातच आहे, आणि आपल्याकडे ती अधिकच घट्ट बसते. "पाळी कधी बंद झाली?" असे विचारले, तर पिशवी काढलेली बाई शस्त्रक्रियेचे साल सांगते. पण केवळ गर्भाशय काढले आणि बीजकोश राहिले, तर रक्तस्राव थांबतो, इस्ट्रोजेन थांबत नाही, फार तर बीजकोश काही वर्षे आधी थकतात. दोन्ही बीजकोश काढले, तर ते एका दिवसात संपते. शरीराच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत, आणि बोलीत दोन्हींना "पिशवी काढली" हाच शब्द आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला, तेव्हा शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे समोर आले. त्या चर्चेत गर्भाशयांची मोजणी झाली. बीजकोशांचे काय झाले, हा प्रश्न मी तरी कुठल्या बातमीच्या मथळ्यात वाचला नाही. आणि भारतीय स्त्रीची पाळी पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी, सरासरी 46-47 च्या सुमारास जाते, हेही या हिशेबात धरायला हवे.

कर्करोगाचा आनुवंशिक धोका ज्या स्त्रियांना आहे, त्यांच्यासाठी बीजकोश काढणे जीव वाचवणारे ठरते, आणि त्यांनी हे वाचून निर्णय फिरवू नये. संप्रेरकांच्या गोळ्यांविषयीही मला अनेकींनी विचारले. तरुण वयात बीजकोश गमावलेल्या स्त्रियांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत त्या देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात, पण तो मुख्यतः हाडे आणि हृदय यांच्यासाठी असतो. कंपवात टाळण्यासाठी त्या द्याव्यात इतका पुरावा आजवर जमलेला नाही. पन्नाशीत खांदा आखडला, झोप उडाली, मन खिन्न झाले, तर "पाळी जायचं वय आहे" म्हणून सोडून देण्याची आपली सवय मात्र मला आता खटकते, कारण कंपवाताची सुरुवातही कित्येकदा अशीच होते. मावशीचा आखडलेला खांदा आम्ही दोन वर्षे शेकत बसलो होतो.

दिवाळीच्या साफसफाईत तिच्या लोखंडी पेटीत, लग्नपत्रिका आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सखाली, त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सापडले. शाई फिकट झाली होती, पण "टी. ए. एच." आणि त्यापुढे "बी. एस. ओ." ही अक्षरे वाचता आली. गर्भाशय, दोन्ही नलिका, दोन्ही बीजकोश. म्हणजे खरोखरच सगळे. मी तारीख आणि तो मजकूर तिच्या नव्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तो वाचला, "तेव्हा वय काय होतं?" एवढे विचारले आणि आपल्या नोंदीत उतरवून घेतले. गोळ्यांमध्ये काही बदल झाला नाही.