डूला ठरवताना आधी हॉस्पिटलला विचारा

डूला, म्हणजे बाळंतपणात सतत सोबत राहून आधार देणारी प्रशिक्षित बाई, शोधण्याआधी जिथे नाव घातलंय त्या हॉस्पिटलला विचारा: लेबर रूममध्ये नवरा आणि डूला दोघंही चालतील, की एकच? बऱ्याच ठिकाणी एकालाच आत सोडतात. डॉक्टर ओपीडीत ‘चालेल’ म्हणतात, पण रात्रपाळीच्या सिस्टरना ते कुणी सांगितलेलं नसतं, आणि डूला बाहेरच्या बाकड्यावर बसून राहते. म्हणून परवानगी फाइलवर डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्या आणि लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरना आधीच भेटून या. सिझर झालं तर ऑपरेशन थिएटरमध्ये बहुतेक ठिकाणी डूलाला प्रवेश नसतो, हेही धरून चाला.

सरकारी दवाखान्यात वेगळं गणित आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये बाळंतपणात सोबतीला एका बाईला थांबायची मुभा दिली, पण ती नात्यातली आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, अशी अट घातली. तिथे बहीण, वहिनी किंवा मावशीलाच आधी तयार करणं शहाणपणाचं.

पाचव्या-सहाव्या महिन्यात शोध सुरू करा. बाळंतपण माहेरी होणार असेल तर डूलाही माहेरच्याच गावची हवी. हे हमखास उशिरा लक्षात येतं. आपल्याकडे डूलांची सरकारी नोंदणी नाही. प्रमाणपत्र असतं ते प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं. त्यामुळे तिने सोबत केलेल्या दोघी-तिघींशी बोला, त्यातली एक तरी अशी असू द्या जिचं ठरवल्याप्रमाणे झालं नाही.

करार कागदावर हवा. आधीच्या भेटी किती, कळा सुरू झाल्यावर ती घरी येणार की थेट हॉस्पिटलमध्ये, ३८व्या ते ४२व्या आठवड्यात फोनवर हजर राहणार का, त्याआधीच कळा आल्या तर काय, ठरवून सिझर करावं लागलं तर पैशांचं काय. आणि तिच्या जागी येणारी दुसरी कोण? त्या दुसरीला एकदा तरी भेटाच. दोन बायकांच्या कळा एकाच रात्री सुरू होतात, आणि अनोळखी बाई ऐनवेळी दारात उभी राहिली की सगळी मेहनत वाया जाते.

डूलाचं खरं काम हातांचं आणि सतत सोबत राहण्याचं. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या माकडहाडाकडे टेकली की कळा पाठीतून येतात आणि बाई हैराण होते. अशा वेळी ती ओणवी होते किंवा पलंगाच्या कडेला रेलते. डूला मागे उभी राहून दोन्ही तळहात कुल्ल्यांच्या वरच्या मांसल भागावर ठेवते आणि कळ चढताना आत व किंचित वर दाबते, ती उतरेपर्यंत सोडत नाही. कंबरेच्या वर दाबलं तर उपयोग होत नाही. दहा कळांत हात भरून येतात, म्हणून नवऱ्यालाही ती हे आधी शिकवते. दर अर्ध्या तासाने स्थिती बदलणं, घोट घोट पाणी, तासा-दोन तासांनी लघवीला नेणं (भरलेली लघवीची पिशवी बाळाला खाली येऊ देत नाही), हेही तीच बघते. १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला. अशी अखंड सोबत मिळालेल्यांमध्ये सिझर कमी झाली आणि कळांचा काळही थोडा घटला.

आतून तपासणं, ठोके ऐकणं, औषध देणं हे तिचं काम नव्हे. रक्त जाऊ लागलं, हिरवट पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी हॉस्पिटल गाठा, तिला फोन वाटेत करा. ‘थोडं थांबू या’ म्हणणारी डूला ठेवू नका. एपिड्युरलला (कळा कमी करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनला) नाक मुरडणारीही नको, कारण इंजेक्शननंतर पाय जड होतात, तेव्हा कूस बदलून द्यायला आणि गुडघ्यांमध्ये उशी ठेवायला तिचीच गरज लागते.