ग्लिवित्सेचा लाकडी मनोरा आणि आठ वाजताची नऊ शब्दांची बातमी

दक्षिण पोलंडमध्ये गेलेले आपले लोक क्राकूव्ह बघतात, आउश्वित्झला जाऊन येतात आणि परततात. आम्ही कातोवित्सेला दोन रात्री राहिलो, त्यातली एक दुपार ग्लिवित्सेला दिली. माझा आग्रह होता. सांगली आकाशवाणी ऐकत वाढले मी, त्यामुळे कुठे जुनं रेडिओ केंद्र आहे म्हटलं की पाय वळतातच. पण हे केंद्र वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या संध्याकाळी जर्मनीने जे खोटं रचलं, ते इथल्या मायक्रोफोनवरून बोललं गेलं.

कातोवित्सेहून लोकल गाडीने साधारण अर्धा तास लागतो. तिकीट काढताना एक लक्षात ठेवा: पोलंडमध्ये ‘पेरॉन’ म्हणजे फलाट आणि ‘तोर’ म्हणजे रूळ. बोर्डावर दोन्ही आकडे असतात आणि ते एकच नसतात. फलाट बरोबर, पण रूळ चुकीचा, अशाने डोळ्यांदेखत गाडी जाते. स्टेशनवरून तार्नोगुर्स्का रस्त्याने उत्तरेकडे अर्धा तास चाललं की केंद्र येतं, क्रमांक १२९. बसही आहे. आम्ही चालत गेलो ते फार बरं झालं, कारण वाटेत एका वळणावर घरांच्या छपरांमागून मनोरा अचानक वर आला आणि मग शेवटपर्यंत नजरेआड झाला नाही.

१११ मीटर उंच आणि सगळा लाकडाचा! लार्चचं लाकूड, म्हणजे आपल्या देवदाराच्या कुळातलं. त्याच्या तुळया एकमेकींना पितळी बोल्टांनी जोडल्या आहेत, आणि असे सोळा हजारांवर बोल्ट आहेत. लोखंड टाळण्याचं कारण साधं होतं. प्रक्षेपणाची तार मनोऱ्याच्या आत उभी लोंबत असे. भोवती पोलादी सांगाडा असता तर त्याने लहरींत ढवळाढवळ केली असती. लाकूड मात्र लहरींना आडवं येत नाही. लोरेन्झ कंपनीने १९३५ साली हे काम पूर्ण केलं. जर्मनीत त्या काळी असे लाकडी मनोरे बरेच होते. बाकीचे पाडले गेले किंवा युद्धात उडवले गेले, हा टिकला. पायथ्याशी उभं राहून वर बघताना मान दुखते, पण बघत राहावंसं वाटतं. खालच्या तुळया उन्हापावसाने राखाडी झाल्या आहेत आणि सांध्यासांध्यातून बोल्टांची डोकी दिसतात. वर चढायला मात्र परवानगी नाही. मुलं बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवा.

आता थोडं मागे जावं लागेल. १९२१ च्या सार्वमतानंतर, १९२२ साली वरचा सायलेशिया हा इथला सीमाभाग जर्मनी आणि पोलंड या दोन देशांत वाटला गेला. कातोवित्से पोलंडकडे गेलं. ग्लायवित्झ, म्हणजे आजचं ग्लिवित्से, जर्मनीत राहिलं, आणि सीमा गावापासून काही किलोमीटरवर आली. दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा बोलणारी माणसं होती. १९२५ साली जर्मनांनी इथे रेडिओ केंद्र सुरू केलं आणि १९२७ च्या डिसेंबरात पोलंडने कातोवित्सेतून उत्तर दिलं. ग्लायवित्झचं केंद्र मुख्यतः ब्रेस्लाऊचे, म्हणजे आजच्या व्रोत्सवाफचे कार्यक्रम तारेने घेऊन पुढे सोडत असे. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या बातम्या लहान केंद्रांवरून सहक्षेपित होतात ना, तसंच. स्टुडिओ गावात दुसरीकडे, जुन्या केंद्रातच राहिला. तार्नोगुर्स्का रस्त्यावर फक्त प्रक्षेपक होता. ही गोष्ट नीट ध्यानात घेऊन आत जा, म्हणजे पुढचं सगळं उलगडतं.

३१ ऑगस्ट १९३९, रात्रीचे आठ. आल्फ्रेड नाउयोक्स हा एस.एस.चा, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचा अधिकारी पाच-सहा माणसं घेऊन आत शिरला. पोलिश बंडखोरांनी केंद्र ताब्यात घेतलंय असं नाटक करायचं आणि पोलिश भाषेत चिथावणीचं भाषण वाचायचं, असा हुकूम होता. कर्मचाऱ्यांना तळघरात कोंडलं. भाषण वाचायला मायक्रोफोन शोधू लागले, तर मायक्रोफोनच नाही! स्टुडिओ इथे नव्हताच. शेवटी सापडला तो वादळासाठी ठेवलेला मायक्रोफोन. विजा कडाडू लागल्या की प्रक्षेपण थांबवावं लागे, आणि तसं श्रोत्यांना कळवायला तो असे. ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’ एवढंच बोलण्यासाठी असलेली ती वस्तू. तिच्यावरून पोलिशमध्ये नऊ शब्द बाहेर गेले: लक्ष द्या, हे ग्लिवित्से, रेडिओ केंद्र पोलिशांच्या ताब्यात आहे. पुढचं भाषण कुणाला ऐकू गेलं नाही. जे गेलं तेही आसपासच्या भागातच. पण बर्लिनला तेवढं पुरेसं होतं. जर्मन रेडिओने त्याच रात्री ‘पोलिश हल्ल्या’ची बातमी दिली आणि पहाटे पोलंडवर तोफा सुरू झाल्या.

आणि फ्रान्सिशेक होन्योक. हे नाव तिथून घेऊन या. ४३ वर्षांचा सायलेशियन माणूस, पूर्वी सायलेशियातल्या उठावात पोलंडच्या बाजूने भाग घेतलेला, शेतीची अवजारं विकणारा. त्याला आदल्या दिवशी पकडलं, गुंगीचं औषध देऊन इथे आणलं आणि हल्लेखोराचा मृतदेह म्हणून दाखवायला मारलं. महायुद्धाचा पहिला बळी म्हणून त्याचं नाव घेतात. नाउयोक्सने १९४५ साली न्युरेंबर्गला, नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यासाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात हे सगळं सांगितलं. त्यानुसार अशा माणसांसाठी सांकेतिक शब्द होता ‘डबाबंद माल’. तो वाचून मी खोलीबाहेर येऊन पायरीवर बसले. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, त्यांच्या छावणीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. घरदार सोडून ती माणसं पंचगंगेपर्यंत आली, त्या सगळ्याची सुरुवात या अंगणात झाली होती.

आतली जागा लहान आहे, तासाभरात बघून होते. पण घाई करू नका. जुनी यंत्रसामग्री जागच्या जागी आहे: लोखंडी कपाटं, गोल मापकं, त्यांचे थांबलेले काटे. युद्धानंतर हेच केंद्र काही वर्षं पोलिश रेडिओ चालवत होतं. मग १९५६ पर्यंत पश्चिमेकडून येणाऱ्या रेडिओ फ्री युरोप या अमेरिकी पैशावर चालणाऱ्या, साम्यवादविरोधी केंद्राच्या लहरी बुजवायला ते वापरलं गेलं. बोलण्यासाठी बांधलेला मनोरा, आणि त्याला दुसऱ्याचं बोलणं दाबायच्या कामाला लावलं, याचं मला फार वाईट वाटलं. २००५ पासून इथे ग्लिवित्से संग्रहालयाची शाखा आहे, आणि २०१७ साली पोलंडने केंद्राला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. पोलंडमध्ये सोमवारी पुष्कळ संग्रहालयं बंद असतात. रविवारी गेलात तर खाण्यापिण्याचं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, कारण बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. थोडे झ्वॉटी रोख जवळ असू द्या. हा इतिहास वाचून गेलात तर आतलं प्रदर्शन दुप्पट बोलतं.

दुपारी उशिरा जा, हे माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं. आतलं बघून बाहेरच्या बागेत बाकावर बसा. शाळेतली मुलं सायकली फिरवत होती, एक आजी कुत्र्याला घेऊन आल्या होत्या. अंधारलं तसे मनोऱ्यावर दिवे लागले आणि राखाडी लाकूड मधासारखं दिसू लागलं. मी घड्याळात पाहिलं, आठला पाच कमी होते. आठ वाजून गेल्यावरच आम्ही उठलो.