वीस मिनिटांचं विमान

मंगळवार, रात्री साडेअकरा, लिस्बन

आत्ताच घरी आले. पाय ठणकताहेत, पण लिहून मगच झोपते.

रविवारी आईला माझं आजचं तिकीट पाठवलं होतं. जाताना लिस्बनहून 7.10ला निघून माद्रिदला 9.30. येताना 21.35ला निघून 21.55ला परत लिस्बनला. लगेच तिचा साताऱ्याहून फोन. "अगं, जाताना दोन तास वीस मिनिटं आणि येताना नुसती वीस? येताना उतार लागतो का काय?"

खूप हसले. मग समजावलं की स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे, त्यामुळे खरा वेळ दोन्हीकडून एक तास वीस. अंतर साधारण 500 किलोमीटर. खरं तर माद्रिद ग्रीनिचच्याही पश्चिमेला, पण 1940मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या काळात घड्याळं पुढे केली ती तशीच राहिली. पोर्तुगालनेही 1992 ते 1996 मध्य युरोपची वेळ लावून पाहिली होती. हिवाळ्यात पोरं अंधारात शाळेला जायला लागली, तेव्हा काटे परत मागे घेतले.

पण तो एक तास वीस म्हणजे निव्वळ तिकिटावरचा हिशोब. इथली मेट्रो साडेसहाला सुरू होते, म्हणून सव्वापाचलाच टॅक्सी. रांग, पट्टा, लॅपटॉप, पुन्हा रांग. तिकडे टर्मिनल 4चं बांबूच्या पट्ट्यांचं लाटालाटांचं छत बघत चालतच राहायचं, मग मेट्रो. ऑफिसात पोचले तेव्हा माद्रिदचे पावणेअकरा. दारापासून दारापर्यंत साडेचार तास, त्यात हवेत जेमतेम एक. तेवढ्यात कॉफी येते, कप रिकामा होतो न होतो तोच विमान खाली उतरायला लागतं. खिडकीतून मात्र बघत बसावं. पिवळी कोरडी जमीन आणि त्यावर मोहरी सांडल्यासारखी ओकची झाडं, मैलोन् मैल. सीमा कुठे ओलांडली ते अजून एकदाही कळलेलं नाही.

मला खरं तर रेल्वेनेच जायला आवडलं असतं. रात्रीची गाडी होती, लुसितानिया. मार्च 2020मध्ये बंद झाली ती झालीच. आता दोन राजधान्यांमध्ये थेट गाडी नाही, बदलत बदलत अख्खा दिवस जातो. गंमत म्हणजे दोन्ही देशांचे जुने रूळ एकाच मापाचे, 1668 मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा फक्त 8 मिलिमीटर कमी!

संध्याकाळी काम लवकर संपलं, म्हणून विमानतळावर जाण्याआधी माद्रिदच्या मान्सानारेस नदीच्या पुलावर जाऊन आले. नदी कसली, ओढाच. पण तिचं पाणी हारामाला मिळतं, हारामा ताहोला, आणि ताहो म्हणजेच आमची तेजू, जी इथे लिस्बनला समुद्रात शिरते. पुलावरून खाली बघताना वाटलं, आपण दोघी एकाच गावाला निघालोय.

घरी येताना सहज बघितलं, माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच आहे. साताऱ्यात आता पहाटेचे चार वाजलेत. साडेपाचला आई उठेल. तिला मेसेज टाकून ठेवलाय : पोचले, आणि हो, येताना उतारच लागतो.