रिकेट्स ग्लेनचे अठरा धबधबे, आईबरोबर

पुण्यात असताना आई दर रविवारी सिंहगड चढते. त्यामुळे ती न्यू जर्सीला आली तेव्हा तिला न्यूयॉर्कच्या इमारतींपेक्षा डोंगर दाखवावा असं मनात होतं. मे महिन्याच्या शेवटी, मुद्दाम मधला वार धरून, आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन स्टेट पार्कला गेलो. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आय-८० महामार्ग धरून साधारण तीन तास लागतात. शेवटी बेंटनवरून ४८७ नंबरचा रस्ता रेड रॉकला येतो आणि तिथून पार्कातल्या लेक जीन तळ्यापर्यंत एकदम उभा चढ आहे. मागे ट्रेलर असेल तर या बाजूनं जाऊ नका.

पार्कात प्रवेश फुकट आहे. गाडी लेक रोजच्या पार्किंगमध्ये लावली. सुट्टीच्या दिवशी ही जागा लवकर भरते, म्हणून सकाळी जितक्या लवकर पोहोचाल तितकं चांगलं.

इथे दोन घळी आहेत, गनोगा आणि ली. दोन्हींतले ओढे खाली ‘वॉटर्स मीट’ला मिळतात. सगळी वाट फिरायची तर ७.२ मैल चाल आहे. आम्ही वरचा ३.२ मैलांचा फेरा केला आणि एकवीसपैकी अठरा धबधबे त्यातच पाहिले. मैलांचा आकडा बघून मात्र फसू नका. पायऱ्या दगडी आहेत, उंचसखल आहेत, आणि तुषारांनी कायम ओल्या. जेवणासकट आम्हाला साडेचार तास लागले.

कोणत्या बाजूनं जावं यावर माझं ठाम मत झालंय: गनोगाची घळ उतरायला घ्या, लीची चढायला. लीची घळ अरुंद आणि जास्त उभी आहे. ओल्या कातळावर चढताना पाऊल कुठे पडतंय ते दिसतं, तोलही सावरतो. शिवाय ली चढून आलं की उरलेली हायलँड ट्रेल, म्हणजे दोन्ही घळींची वरची टोकं जोडणारी वाट, बरीचशी सपाट आहे.

९४ फुटांचा गनोगा धबधबा सगळ्यांत उंच. एकसंध धार नाही, कातळाच्या थरांवरून पाणी पायरी पायरीनं उतरतं. त्याच्या बाजूनं खाली जाताना आई पहिल्यांदा थांबली. “चढण दम काढते, उतरण गुडघे काढते,” असं म्हणून तिनं माझी काठी मागून घेतली. तेव्हा माणशी एक काठी घ्याच. आईच्या पायात मी दिलेले साधे चालायचे बूट होते. ते दोनदा सटकले आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात गोळा आला. चांगल्या खाचांचा, घोट्याला आधार देणारा बूटच हवा. हिवाळ्यात या पायऱ्यांवर बर्फ गोठतो, तेव्हा बर्फावर चढायचं साहित्य आणि अनुभव नसेल तर या वाटेला जाऊ नये.

मोहॉक, ओनायडा, सेनेका, ह्युरॉन अशी धबधब्यांची बरीच नावं अमेरिकेतल्या मूळ जमातींची आहेत, तर काही, ज्याच्या नावानं हे पार्क आहे त्या रिकेट्सच्या घरच्या आणि मित्रमंडळींची. हा कर्नल रिकेट्स अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला लढलेला. १८८९ ते १८९३ या काळात त्यानं माणसं लावून या वाटा बांधून घेतल्या. धबधब्याच्या इतक्या जवळून पायऱ्या नेणं किती अवघड काम असेल, ते त्या पायऱ्यांवर उभं राहिलं की कळतं.

‘वॉटर्स मीट’चा अर्थ सांगितल्यावर आई म्हणाली, “म्हणजे संगम की!” आणि खाली वाकून तिनं दोन थेंब डोक्याला लावले. शेजारच्या दगडावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. घळीत स्वच्छतागृह नाही, पाणीही विकत मिळत नाही, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी बरोबर ठेवा. कचरा पिशवीत घालून परत न्या. फोनची रेंज बहुतेक ठिकाणी नव्हती. नकाशा आधीच उतरवून घ्या. डोहात उतरायचा मोह होतो, पण पोहण्यासाठी लेक जीनचा किनारा आहे, तिथेच पोहा.

बरोबर कुणाला पायऱ्या अजिबात झेपत नसतील तरी त्यांना घरी ठेवू नका. खाली ११८ नंबरच्या रस्त्यालगत ३६ फुटी ॲडम्स फॉल्स आहे, पार्किंगपासून अगदी थोड्या अंतरावर. त्याच परिसरात हेमलॉकची, म्हणजे एका सूचिपर्णी जातीची, जुनी, प्रचंड झाडं आहेत. परतताना आम्ही तिथे थांबलो, आणि आईनं एका बुंध्याला हात लावून तो कवेत मावतो का ते पाहिलं. मावला नाही.