शटर दिसलं म्हणून दुकान

नगरपरिषदेची घरपट्टीची चतुर्थ वार्षिक आकारणी झाली, नोटिसा आल्या आणि आमच्या गल्लीत एकच पालुपद सुरू झालं : "लुटायला बसलेत!" खरं तर कायद्याने (नगरपरिषद अधिनियम 1965, कलम 124) दर चार वर्षांनी आकारणीची यादी नव्याने करायची असते. आमच्याकडे मधल्या काळात ती रखडली होती, त्यामुळे साचलेली वाढ एकदम अंगावर आली.

मी शेवटचा आकडा बाजूला ठेवून नोटिशीतले रकाने वाचले. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि वापर यांवरून वार्षिक भाडेमूल्य काढतात. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य, आणि त्यावर घरपट्टी. वरचा एक रकाना चुकला की खालचं सगळं फुगतं.

आमचे तीन रकाने चुकलेले. मागची पत्र्याची पडवी 'आरसीसी'त, म्हणजे पक्क्या काँक्रीट बांधकामात घातलेली. घर 1984 चं, नोटिशीत 2004. आणि पुढची खोली चक्क 'व्यापारी वापर'! वडिलांचं किराणा दुकान बंद होऊन जमाना झाला, पण शटर तसंच आहे. मोजणीला आलेल्या पोराने रस्त्यावरूनच फोटो काढला आणि दुकान लिहून मोकळा झाला. बिगरनिवासी म्हटलं की दर चढा, शिवाय रोजगार हमी कर.

कलम 119 खाली हरकतीला 30 दिवसांची मुदत होती. 'कर परवडत नाही' असं मी अर्जात कुठेही लिहिलं नाही. कराचा टक्का त्या सुनावणीत ठरतच नाही. तिथे नोंद बरोबर की चूक, एवढंच बघतात. म्हणून चूक आणि तिचा पुरावा, अशी जोडी लावत गेलो : मंजूर नकाशा, 1985 ची घरपट्टीची पावती, वीजबिल, फोटो. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागितला. खिडकीतले म्हणाले, "काही गरज नाही हो." तरी घेतला. बरं झालं, कारण सुनावणीच्या यादीत आमचं नावच नव्हतं; तो शिक्का दाखवल्यावर चढलं.

सुनावणी म्हणजे जेमतेम पाच मिनिटं. साहेबांनी विचारलं, "दुकान नाही, मग शटर कशाला ठेवलंय?"

"साहेब, ते काढून भिंत बांधायची तर पैसे लागतात."

ते हसले. मी आतून काढलेला फोटो पुढे केला : शटरला टेकून गव्हाच्या दोन कोठ्या, शेजारी आईचं शिलाई मशीन, वर दोरीवर कपडे. वीजबिलावर 'घरगुती'. त्यांनी हिरव्या शाईने 'व्यापारी'वर काट मारून 'निवासी' लिहिलं. पावती बघून वर्षही दुरुस्त झालं. पडवीसाठी फेरपाहणी लागली. कर विभागातला माणूस येऊन पत्रा बघून गेला आणि तो रकानाही बदलला. जिन्याखालची जागा वगळा म्हणालो, ते मात्र ऐकलं नाही. मीही ताणलं नाही.

समोरच्या भाऊंनी अर्जात पेन्शन, महागाई, रस्त्यातले खड्डे, न येणारं पाणी असं सगळं मांडलं होतं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आकारणी 'कायम' झाली. आता ते अपिलात जाणार आहेत. परवा आम्ही दोघांनी टेप लावून त्यांचं घर मोजलं, तर वरची गच्चीच बांधीव खोली म्हणून धरलेली निघाली.