मे महिन्यातली शाल

अंधेरीतल्या एका ऑफिसचं ऊर्जा ऑडिट होतं, म्हणजे वीज कुठे वाया जाते ते शोधायचं. मे महिना. रिक्षातून उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला, आणि सातव्या मजल्यावर अकाउंट्सच्या तिघीजणी शाली पांघरून बसलेल्या. एकीच्या टेबलाखाली चक्क हीटर! एकीने डोक्यावरच्या डिफ्यूझरला, म्हणजे एसीची हवा सोडणाऱ्या जाळीला, सेलोटेपने पुठ्ठा चिकटवला होता. तिथली अडलेली हवा शेजारणीच्या मानेवर.

कंट्रोल रूममधला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, स्क्रीनवर बघा ना, २४ वर सेट आहे."

होतंच. आणि २४ वाईट नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनेही (बीईई) २०१८ मध्ये तोच आकडा सुचवला होता, एसीचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते या हिशेबाने. पण अकाउंट्सच्या टेबलावर माझा मीटर २०.५ दाखवत होता.

मजल्याचं तापमान मोजणारा सेन्सर शोधण्यात दीड तास गेला. ड्रॉइंगवर तो खांबावर होता, खांबापुढे मात्र आता झेरॉक्स मशीन. आधीच्या वर्षी बसण्याची व्यवस्था बदलली तेव्हा कुणीतरी ते तिथे सरकवलेलं. मशीनचा गरम झोत थेट सेन्सरवर येत होता. त्या बिचाऱ्याला वाटायचं मजला तापलाय, आणि एसीला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह दिवसभर पूर्ण उघडा.

शिपाईकाकांना हाताशी घेऊन मशीन दहा फूट हलवलं. काका कुरकुरले, "आता मला वळसा पडणार." अर्ध्या तासात व्हॉल्व्ह मिटायला लागला.

ऑपरेटरला वाटलं, आता चिलरचं, म्हणजे हे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं, पाणीही ७ ऐवजी १० अंशांवर ठेवू, अजून बचत. त्याला म्हटलं, जुलैत नको. मुंबईत एसीची कॉइल, म्हणजे थंड पाण्याच्या नळ्या, हवा गार करते तशी सुकवतेही. पाणी पुरेसं गार नसलं की हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि फायली ओलसर होतात.

राहिले पश्चिमेच्या खिडकीजवळचे साहेब. त्यांना कायम उकडायचं, आणि उकडणारच: दुपारी काच ३८ अंशांवर, ब्लाइंड्स वर गुंडाळलेले. ते मी खाली ओढले. साडेचारला साहेब खुशीत. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवून म्हणाले, "मी मघाशी १८ केलं ना, म्हणून."

तो थर्मोस्टॅट मी सकाळीच उघडून बघितला होता. मागे वायरच नव्हती.

मी मान डोलावली आणि बॅग भरायला घेतली.